रांग-नियंत्रण, संगणक जाळ्यातील

रांग-नियंत्रण, संगणक जाळ्यातील : संगणकांच्या जाळ्यातून जाणारी माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान तुकड्यांत विभागलेली असते. जोडमार्गाला पेलतील त्यांहून अधिक पॅकेटे आल्यास राउटर हे मार्ग ठरविणारे उपकरण जादा पॅकेटे आपल्या स्मृतीत रांगेने थोपवून धरते. ही रांग लांबून विलंब वाढू नये म्हणून स्मृती भरण्यापूर्वीच काही पॅकेटे हेतुपुरस्सर गाळण्याच्या पद्धतीस सक्रिय रांग-नियंत्रण म्हणतात.

विलंबाचे कारण : क्षणिक गर्दी सामावून घेणे हे रांगेचे खरे कार्य होय. ती सतत भरलेली राहिल्यास वहनक्षमता वाढत नाही. केवळ विलंब वाढतो. उदा., रायगड जिल्ह्यातील रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कार्यालयाची बाहेर जाणारी जोडणी सेकंदास १० लक्ष बिट वाहून नेते आणि तिच्या तोंडाशी असलेल्या उपकरणाची स्मृती २,५०,००० बाइटांची आहे, असे समजू. एका बाइटात ८ बिट असल्याने भरलेली स्मृती रिकामी होण्यास २ सेकंद लागतात. कार्यालयातून यंत्रांचे मोठे आराखडे मुंबईस पाठविले जात असताना ही स्मृती भरली, तर त्याच जोडणीवरून बोलणाऱ्याचा प्रत्येक शब्द २ सेकंद उशिरा पोहोचेल. एकही पॅकेट हरवलेले नसूनही संभाषण अशक्य होईल.

स्मृती भरते याचे कारण टीसीपी या वहननियमात आहे. पोच मिळत राहते तोवर पाठविणारा संगणक वेग वाढवीत नेतो आणि पॅकेट हरवल्याचे कळताच तो उतरवितो. म्हणजे हानी हीच त्याला मिळणारी सूचना असते. स्मृती जितकी मोठी, तितकी ही सूचना उशिरा मिळते.

इतिहास : जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये असे दाखविले की, स्मृती अमर्याद असली तरी जाळ्यातील कोंडी टळत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व सुमारे ४०० यार्डांवरील कॅलिफोर्निया विद्यापीठ (बर्कली) यांमधील वहनाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला. त्यावरून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये पाठविणाऱ्या संगणकाने वेग कसा आवरावा, याचे नियम मांडले.

पद्धती : स्मृती पूर्ण भरल्यावरच पॅकेटे गाळली, तर अनेक प्रेषकांना एकाच वेळी हानी पोहोचते, ते सर्व एकदम मंदावतात व पुन्हा एकदम वेग वाढवितात. हे टाळण्यासाठी सॅली फ्लॉइड व जेकबसन यांनी १९९३ मध्ये ‘रेड’ ही पद्धती सुचविली. तीत रांगेची सरासरी लांबी ठराविक मर्यादेपलीकडे वाढू लागली की, यदृच्छेने निवडलेली पॅकेटे वाढत्या प्रमाणात गाळली जातात. मात्र मर्यादांची योग्य मूल्ये ठरविणे कठीण असल्याने तिचा वापर अपेक्षेइतका झाला नाही.

पुढे स्मृती स्वस्त झाली व घरगुती उपकरणांतही ती अतिरिक्त प्रमाणात बसविली जाऊ लागली. त्यातून उद्भवणाऱ्या विलंबास जिम गेटिस यांनी २०१० मध्ये ‘बफरब्लोट’ म्हणजे स्मृतीची अनिष्ट फुगवण असे नाव दिले. कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ‘कोडेल’ पद्धतीत रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते मोजतात. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांहून कमी झालाच नाही, तर एक पॅकेट गाळले जाते. विलंब तरीही टिकून राहिल्यास पुढची पॅकेटे अधिकाधिक जवळच्या अंतराने गाळली जातात. क्षणिक गर्दीस मात्र धक्का लागत नाही. पॅकेट न गाळता त्यावर कोंडीची खूण करण्याची पद्धतही २००१ मध्ये प्रमाणित झाली. परंतु तिला दोन्ही टोकांच्या संगणकांची संमती लागते.

मर्यादा : रांग जेथे साचते त्या सर्वांत अरुंद जोडणीवरच हे नियंत्रण उपयोगी पडते. हानी झाली तरी वेग न उतरविणाऱ्या प्रवाहांवर त्याचा परिणाम होत नाही; त्यासाठी प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवावी लागते. गाळलेले पॅकेट टीसीपीच्या नियमानुसार पुन्हा पाठविले जाते, त्यामुळे मजकूर अखेर पूर्ण पोहोचतो. वेळीच पत्करलेली अल्प हानी अशा रीतीने त्या जोडणीवरील सर्वांचाच विलंब कमी करते.