पिकअप गाडीचें चाक : माप कसें निवडावें

स्नेहसंमेलनाच्या दिवशीं शाळेच्या पटांगणाच्या कडेस ज्या गाड्या उभ्या राहतात, त्यांमध्यें पिकअपची संख्या वर्षागणिक वाढतच चालली आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं शेती आहे. आणि टोमॅटो, कांदा, भाजीपाला बाजारीं नेण्यास ही लहानशी मालगाडी फार सोयीची पडते. यंदा अशाच एका गाडीभोंवतीं नववीच्या मुलांचा घोळका जमलेला आम्हांस दिसला. जवळ जाऊन पाहतों तों, गाडीस नवीं, झगझगीत व रुंद चाकें बसविलेलीं, आणि "कशी वाघासारखी उभी आहे!" असे उद्गार मुलांच्या मुखांतून निघत होते. त्यांपैकीं एकानें आम्हांस विचारलें, "सर, आमचे बाबाही असलींच चाकें घेणार आहेत. विसारसुद्धां दिला आहे. आमच्या गाडीला तीं बसतील ना?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर तितकें साधें नव्हतें. चाक बसणें ही एक गोष्ट व तें चालणें ही दुसरी. त्या मुलास आम्हीं त्या वेळीं दोन वाक्यांत वाटेस लाविलें, याची मागाहून आम्हांस रुखरुख लागली. म्हणून हा लेख.

पिकअप ही जातीची अमेरिकन. फोर्ड कंपनीनें सन १९२५ मध्यें आपल्या 'टी' नमुन्याच्या मोटारीस मागें हौदा जोडून अशी गाडी कारखान्यांतूनच तयार करून विकण्यास आरंभ केला. तत्पूर्वीं लोक साधी मोटार घेत व तिच्या पाठीमागें स्वतःच फळ्यांची पेटी ठोकून घेत. सारांश, ही गाडी जन्मापासूनच अर्धी मोटार व अर्धा ट्रक आहे, आणि चाकांच्या बाबतींतला सारा घोटाळा येथूनच उत्पन्न होतो. मोठ्या ट्रकाचें चाक मोटारीस कोणी बसवूं म्हटलें तरी बसणार नाहीं. परंतु मोटारीचा टायर पिकअपच्या चाकावर पुष्कळदां अगदीं बेमालूम बसतो.

आतां टायराच्या बाजूवर जीं अक्षरें व आंकडे उठविलेले असतात ते वाचावयास शिकूं. उदाहरणार्थ, '२१५/७५ आर १५' हें माप घ्या. यांत २१५ ही टायराची रुंदी मिलीमीटरांत आहे. ७५ हा आंकडा मिलीमीटर नसून शेंकडेवारी आहे. म्हणजे टायराच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, अर्थात् सुमारें १६१ मिलीमीटर. शेवटचे १५ हे इंच असून तो लोखंडी चाकाचा, म्हणजे आपण ज्यास रिम किंवा डिस्क म्हणतों तिचा, व्यास होय. एकाच ओळींत मिलीमीटर, शेंकडा व इंच अशीं तीन मापें एकत्र नांदतात, हें पाहून गणिताच्या शिक्षकांस हंसूं येईल. पण व्यवहार असाच चालतो. मधला 'आर' म्हणजे रेडियल. या जातीच्या टायरांत आंतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ गेलेले असतात. त्याचें पेटंट फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनें सन १९४६ मध्यें घेतलें. त्याहून जुन्या टायरांवर नुसती रुंदी व रिमचा व्यास लिहीत, आणि तेही इंचांत. दुसऱ्या महायुद्धांतील जीपचा टायर '६.००-१६' या मापाचा होता, तो याच पद्धतीचा.

मापाच्या पुढें मात्र आणखी एक लहानसा आंकडा व एक अक्षर असतें, आणि गिऱ्हाइकाची दृष्टि नेमकी त्यावरून घसरते. '१०० एस' किंवा '११० क्यू' असें कांहीं तरी तेथें लिहिलेलें असतें. अक्षर हें वेगाची मर्यादा सांगतें. 'क्यू' म्हणजे ताशीं १६० किलोमीटर व 'एस' म्हणजे १८०. मालगाडीस तितका वेग कधींच गांठावयाचा नसतो, म्हणून त्याची चिंता करूं नये. चिंता करावी ती आंकड्याची. तो भाराचा क्रमांक होय. १०० या क्रमांकाचा टायर पूर्ण हवा भरली असतां ८०० किलो भार वाहतो. १०४ चा ९०० किलो, १०८ चा १,००० किलो व ११० चा १,०६० किलो. क्रमांकांत दहाचाच फरक, पण भारांत अडीचशें किलोहून अधिक!

एक हिशेब करून पाहूं. रिकाम्या पिकअपचें वजन १,७०० किलो धरा. त्यांपैकीं पुढील चाकांवर ९५० व मागील चाकांवर ७५०. नारायणगांवच्या बाजारांतून तींत टोमॅटोचीं ५५ कॅरेट भरलीं. कॅरेटांत माल २० किलो, आणि रिकामें कॅरेट सुमारें २ किलो. म्हणजे एकंदर १,२१० किलो. हौदा मागील आंसावर असल्यामुळें यांतील हजार किलो तरी मागेंच पडणार. मागील दोन चाकांवर मिळून १,७५० किलो, म्हणजे एकेकावर ८७५ किलो भार झाला. येथें १०० क्रमांकाचा टायर उभ्या जागींच कमी पडला. १०४ चा कसाबसा पुरला, परंतु खड्ड्यांत आपटतांना व वळणावर एका अंगास कलतांना चाकावरील भार क्षणभर याहूनही वाढतो, त्यासाठीं हातीं कांहींच शिल्लक उरलें नाहीं. ११० चा टायर मात्र हें काम आनंदानें करील.

हा हिशेब आम्हीं केवळ कागदावर मांडलेला नाहीं. आमच्या आप्तांपैकीं एका शेतकऱ्यानें दोन वर्षांपूर्वीं मागील दोन टायर बदलले. दुकानदारानें दाखविलेल्या टायराचें माप तेंच होतें, नक्षीही सुरेख होती व किंमत कमी होती. पण तो टायर मोटारीचा होता. क्रमांक कोणीं पाहिला नाहीं. वैशाखांत, रात्रीं भरून निघालेली गाडी माळशेज घाट सुखरूप उतरली, आणि खालीं मुरबाडच्या रस्त्यास लागल्यावर मागील डाव्या बाजूचा टायर फुटला. घाटांत तो तापून तापून थकला होता, असेंच म्हणावें लागेल. भाराखालीं टायराची भिंत प्रत्येक फेऱ्यास दबते व पुन्हां उठते; या दबण्यानें उष्णता उत्पन्न होते, आणि भार क्षमतेबाहेर असला कीं ती बाहेर पडण्यापेक्षां सांचते अधिक. गाडी रस्त्याच्या कडेस घसरली, निम्मा माल चिरडला. गाडींत त्याचा धाकटा मुलगा झोंपला होता. त्यास खरचटण्यावर निभावलें. हाच टायर घाटांतल्या एखाद्या वळणावर फुटता तर काय झालें असतें, याचा उच्चार त्या घरांत अद्यापि कोणी करीत नाहीं.

आतां उंच चाकांकडे वळूं, कारण मुलांचें मन तेथेंच गुंतलें आहे. वर दिलेल्या १५ इंची टायराचा पूर्ण व्यास म्हणजे रिमचे ३८१ मिलीमीटर व दोन्ही भिंतींचे मिळून ३२२.५, एकूण ७०३.५ मिलीमीटर. त्याच रिमवर ३१ इंच व्यासाचा भारदस्त टायर चढविला, तर व्यास ७८७ मिलीमीटर, म्हणजे शेंकडा सुमारें १२ नें अधिक झाला. चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी आतां अधिक अंतर तोडते. पण वेग दाखविणारा कांटा जुन्याच हिशेबानें चालतो. तो ६० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत ६७ च्या वेगानें धांवत असते. किलोमीटर मोजणारें यंत्रही तसेंच कमी मोजतें. त्यामुळें नवीं चाकें घातल्यावर 'ॲव्हरेज' उतरलें म्हणून जी हाकाटी होते, तींतील कांहीं भाग यंत्राच्या या चुकीचाच असतो.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. ब्रेक आंसापाशीं चाकास धरतो, आणि गाडी थांबते ती टायर जमिनीस टेंकतो तेथें. या दोन जागांमधील अंतर वाढलें कीं तेवढ्याच धरण्याचा जमिनीवरील जोर घटतो. यंत्रशास्त्रांत तरफेचा जो नियम आपण आठवींत शिकतों तोच हा. फक्त येथें तो आपल्या विरुद्ध लागतो. व्यास शेंकडा १२ नें वाढला तर रोखण्याचा जोर शेंकडा सुमारें ११ नें कमी होतो. शिवाय वजनदार चाक फिरतें ठेवण्यास व थांबविण्यास अधिक श्रम, ते वेगळेच. चढणीवर इंजिनाची हीच दशा होते. भरली गाडी हलवितांना क्लच जळूं लागतो. रिकाम्या गाडींत हौसेखातर शहरांतून हिंडणाऱ्यास हें कदाचित् जाणवणारही नाहीं. रोज माल घेऊन घाट उतरणाऱ्यास मात्र तें पाऊल ब्रेकवर पडतांच जाणवेल.

तर मग रिम मोठा घ्यावयाचाच नाहीं काय? तसें नाहीं. एकूण व्यास जवळजवळ तोच ठेवून रिम बदलतां येतो. '२२५/६५ आर १६' या टायराचा व्यास ६९९ मिलीमीटर भरतो. म्हणजे मूळच्यापेक्षां फरक शेंकडा एकाहूनही कमी. असा फरक शेंकडा ३ च्या आंत असावा, असा जाणकारांचा सर्वसाधारण प्रघात आहे. पण येथें भिंतीची उंची १६१ वरून १४६ मिलीमीटरांवर आली, हें विसरूं नये. टायर व रिम यांच्यामधील ही उंचीच खड्ड्याचा धक्का खात असते. ती जितकी कमी, तितका रिमला पोंक येण्याचा संभव अधिक. आणि आपल्याकडील पावसाळ्यानंतरचे रस्ते वाचकांस ठाऊकच आहेत.

रिम निवडतांना नटांचीं भोकें किती व तीं केवढ्या वर्तुळावर आहेत, हें प्रथम पाहावें. जुन्या जीपच्या चाकास पांच भोकें असून तीं साडेपांच इंच, म्हणजे १३९.७ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. आपल्या गाडीचें माप जें असेल तें तंतोतंत जुळलें पाहिजे. 'थोडें घासून बसवितों' असें म्हणणाऱ्या कारागिरास नमस्कार करून निघावें. दुसरें, रिम फार बाहेर येणारा नसावा. चाक जितकें बाहेर, तितका बेअरिंगवरील ताण अधिक, आणि वळतांना टायर मडगार्डास घासतो. तिसरी गोष्ट टायर व रिम यांच्या व्यासाची, आणि तींत तर अर्ध्या इंचाचीही सूट नाहीं. अमेरिकेंतील पिकअपना पूर्वीं साडेसोळा इंची रिम असत. त्यांवर सोळा इंची टायर ओढून-ताणून चढविला जाई, पण त्याची कड नीट बसत नसे. ती बसावी म्हणून हवा वाढवीत गेले असतां टायर फुटे, आणि अशा स्फोटांत कारागीर प्राणांस मुकले आहेत. त्यासाठीं तेथें सोळा इंची टायरांच्या बाजूवरच तशी सूचना छापण्यांत येऊं लागली.

कायद्याविषयीं थोडेंसें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें मूळ कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करण्यास मनाई केली आहे, आणि सन २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ कायम केला. तेव्हां कारखान्यानें आपल्या गाडीसाठीं जीं मापें मान्य केलीं आहेत, त्यांतूनच निवड करणें हा राजमार्ग होय. हीं मापें व हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत किंवा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत दिलेले असतात. मालाच्या टायरास हवा पुष्कळ लागते, आणि भरल्या गाडीची व रिकाम्या गाडीची हवा निरनिराळी असते. एका आंसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे असावे, व स्टेपनीही त्याच मापाची असावी. टायर जुना कीं नवा हें त्याच्यावरील चार आंकड्यांवरून कळतें. '२३१९' म्हणजे सन २०१९ चा तेविसावा आठवडा. स्वस्तांत मिळणारा टायर पुष्कळदां कां स्वस्त असतो, याचें उत्तर तेथें सांपडतें.

ज्या मुलानें आम्हांस प्रश्न विचारला होता, त्यास आम्हीं पुढील सोमवारीं बोलावून एक काम दिलें. त्यानें घरीं जाऊन टायरावर व खालीं जमिनीवर खडूनें खूण केली, गाडी ढकलून चाकाचा एक फेरा पूर्ण केला व अंतर मोजलें. तें दोन मीटर व एकोणीस सेंटिमीटर भरलें. हिशेबानें तें दोन मीटर एकवीस यावयास पाहिजे होतें. दोन सेंटिमीटर गाडीच्या भारानें टायर दबल्यामुळें कमी झाले, हें त्याचें त्यानेंच ओळखलें. मग त्यानें दाराच्या पट्टीवरील आंकडे उतरून घेतले व वडिलांबरोबर दुकानांत जाऊन त्या रुंद टायरांवरील क्रमांक वाचला. तो १०० होता. विसाराचे पैसे दुकानदारानें परत केले नाहींत. वडिलांनीं त्याच दुकानांतून जुन्याच मापाचे, पण ११० क्रमांकाचे चार टायर घेतले, आणि विसार त्यांत वळता करून घेतला.