खेळ दहा मिनिटांनीच का अडखळतो?

परवा शेजारचा अकरावीतला मुलगा तक्रार घेऊन आला. संगणकावरचा मोटारशर्यतीचा खेळ सुरुवातीला झकास चालतो, पण दहाएक मिनिटांत चित्र अडखळू लागते. एकदा तर संगणकच बंद पडला. नवे ग्राफिक्स कार्ड घे, असा मित्रांचा सल्ला. वडीलही पैसे काढण्याच्या बेतात होते. मी म्हटले, "थांब. कार्ड कमकुवत असते, तर खेळ पहिल्याच मिनिटाला अडखळला असता."

मग दहा मिनिटांत बदलते काय? तापमान!

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात मोटारींच्या जागा प्रोसेसर ठरवतो आणि कार्ड चित्र रंगवते. समजा, प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. ही जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, तीही सुमारे २ चौरस सेंटीमीटर सिलिकॉनमधून. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ३२ वॅट. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटीमीटर धरला, तर तेथे हा आकडा अवघा ५ येतो!

ही उष्णता धातूच्या ठोकळ्यात जाते आणि त्याच्या पातळ पत्र्यांवरून पंख्याची हवा ती वाहून नेते. प्रोसेसर व ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्म खाचांत हवा राहते आणि हवा तर उष्णतेची दुर्वाहक. लेप तिच्यापेक्षा शंभराहून अधिक पट चांगला वाहक असतो. तो वाळला किंवा पत्र्यांत धूळ बसली, की तापमान चढते. ठोकळा तापायला मात्र वेळ लागतो (विशिष्ट उष्मा आठवा), म्हणून ती दहा मिनिटे.

पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. तेथे पोचताच प्रोसेसर स्वतःच मंदावतो. त्याला लागणारी वीज वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता २० टक्के व दाब १० टक्के उतरवला, तर ०.८ × ०.९ × ०.९, म्हणजे वीज ६५ टक्क्यांवर येते. प्रोसेसर वाचतो, पण चित्र वेळेत पुरे होत नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर संगणक बंद पडतो.

आम्ही दर मिनिटाला तापमान व वारंवारता टिपून आलेख काढला. नवव्या मिनिटाला एक रेघ वर टेकली आणि दुसरी घसरली. मग पेटीचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. अर्धा तास खेळ अडखळला नाही. निदान पक्के झाले. वीजजोड काढून आम्ही धूळ झटकली आणि नवा लेप लावला. (झटकताना पंखा बोटाने धरावा, आणि वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नये.)

त्याच्या मित्राचा खेळ मात्र गार संगणकावरही नेमक्या एकाच वळणावर बंद पडतो. तेथे पंखा काय करणार? खेळाची एखादी फाईल बिघडली असावी. खेळ काढून पुन्हा भरायला सांगितले आहे.