बीकरमार्गे कोरिया

शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात किंवा रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या पोरांना ‘पुढं काय?’ असं विचारलं, की अमेरिका-जर्मनीची नावं बरीच उशिरा निघतात. आधी निघतो तो कोरिया. तोही नुसता सोल नव्हे. ग्वांगजू, देजॉन, सुवॉन ही नावं कागल-निपाणी घ्यावीत तितक्या सहज घेतली जातात. कुणाचा सिनियर चोन्नाम विद्यापीठात असतो, कुणाच्या बहिणीचं हानयांगला नक्की झालेलं असतं. गेली वीस-पंचवीस वर्षं हे चाललं आहे. त्यातली बरीच पोरं शिरोळ, राधानगरी, गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्यांच्या घरातली. इंग्रजीची भीड चेपायच्या आतच त्यांचं विमान इंचॉनला उतरलेलं असतं.

कोल्हापूर आणि कोरिया यांचं हे सूत जुळलं कशावरून? लोकांना वाटतं मोबाइल, टीव्ही, सॅमसंग, एलजी. माझं उत्तर वेगळं आहे आणि गेली कैक वर्षं मी ते भेटेल त्याला ऐकवत आलोय. हे सूत जुळलं बीकरवरून. शंभर मिलिलिटरचा काचेचा बीकर, खाली गरम पाण्याचं भांडं आणि आत तिरकी उभी केलेली काचपट्टी. बस्स, एवढंच.

या पद्धतीला केमिकल बाथ डिपॉझिशन म्हणतात, पोरं नुसतं ‘सीबीडी’ म्हणतात. काचेवर एखाद्या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवायचा असेल, तर श्रीमंत प्रयोगशाळा निर्वात कक्ष वापरते. त्याचे पंप, वीज आणि देखभाल यांतच अर्धं अनुदान संपतं. ज्या विद्यापीठाकडे एवढा पैसा नव्हता, तिथल्या प्राध्यापकांनी पाण्यात विरघळणाऱ्या रसायनांवर भिस्त ठेवली. प्रा. चंद्रकांत लोखंडे हे त्यातलं ठळक नाव. १९९१ साली त्यांनी या पद्धतीचा जो आढावा लिहिला, तो या विषयात शिरणारे अजून वाचतात. त्याच विद्यापीठातले प्रा. पी. एस. पाटील यांनी तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर चढवण्याचं तंत्र असंच मुरवलं.

हा प्रयोग एकदा डोळ्यांनी बघावा. कॅडमियमच्या क्षाराचं पाण्यासारखं स्वच्छ द्रावण घेतात. त्यात थेंबथेंब अमोनिया सोडला की पांढरा साका धरतो. नवख्या पोराला वाटतं, बिघडलं. पण अमोनिया टाकतच राहिलं, की तोच साका विरघळून द्रावण पुन्हा नितळ होतं. कारण जादा अमोनिया कॅडमियमचे कण धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. मग थायोयुरिया घालायचा. तो या उष्ण, अल्कधर्मी पाण्यात सावकाश फुटून गंधक मोकळं करतो. सत्तरेक अंशांवर काही मिनिटं काहीच होत नाही. अमोनियानं नाक-डोळे चुरचुरत असतात आणि बघणारा कंटाळत असतो. मग पाण्यावर लिंबाच्या सालीचा फिकट रंग चढतो, बघता बघता तो गडद होतो, आणि काचपट्टी बाहेर काढून धुतली की तिच्यावर पिवळा, पारदर्शक, चकचकीत थर असतो: कॅडमियम सल्फाइड.

खरी गोम ‘सावकाश’ या शब्दात आहे. कण एकेक करून काचेवर बसले तर थर घट्ट आणि आरपार दिसणारा होतो. घाई झाली तर ते पाण्यातच एकमेकांना चिकटतात, गोळे होऊन बसतात आणि बोट फिरवलं की पावडर निघते. काच नीट धुतलेली नसेल तर सगळा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पट्टीची जी बाजू बीकरच्या भिंतीकडे तोंड करून असते, तिच्यावरचा थर जास्त चांगला असतो, कारण पाण्यात बनलेला गाळ तिच्यावर पडत नाही. ही गोष्ट सिनियर सांगतो तेव्हाच कळते. काच धुण्यातच पोरांचे पहिले कित्येक महिने जातात.

याचा भाऊ म्हणजे ‘सिलार’. १९८५ साली फ्रान्समध्ये निकोलाव यांनी ही पद्धत मांडली. चार बीकर ओळीनं ठेवायचे. एकात धन आयन, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात ऋण आयन, चौथ्यात पुन्हा पाणी. पट्टी बुडवायची, खंगाळायची, बुडवायची, खंगाळायची, आणि असं शंभर-शंभर वेळा. यासाठी यंत्र मिळतं, पण ते येईपर्यंत हातानं बुडवणारी पोरं मी पाहिली आहेत. ओठ पुटपुटत असायचे, मोजणी चुकू नये म्हणून.

आता हे कोरियाला कशाला हवं? तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमच्या थरांचं एक सौर पॅनेल असतं. त्याचे बहुतेक थर निर्वात यंत्रात चढतात. पण मधला कॅडमियम सल्फाइडचा थर, साधारण ५० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ, तो बीकरच्या पद्धतीनंच सर्वांत चांगला बसतो. खालचा पृष्ठभाग ओबडधोबड असतो. पाणी प्रत्येक खाचखळग्यात शिरतं आणि नाजूक थराला धक्काही देत नाही. म्हणजे कोट्यवधींच्या यंत्रांच्या रांगेत मध्येच एक ओली पायरी येते, आणि ती पायरी घासूनपुसून शिकलेली पोरं कोल्हापुरात तयार! लोखंडे यांचं सोलमधल्या केआयएसटी या संशोधन संस्थेतल्या ओह-शिम जू यांच्याशी काम सुरू झालं, ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठाशी जोडणी झाली आणि एकामागून एक शिष्य तिकडं निघाले. सॅमसंग एसडीआय आणि एलजी इनोटेक या कंपन्यांनीही त्या काळात असल्या पॅनेलवर संशोधन केलं. पुढं चिनी सिलिकॉन इतकं स्वस्त झालं, की एलजीनं २०२२ मध्ये सौर पॅनेलचा धंदाच गुंडाळला.

बीकर मात्र गुंडाळला गेला नाही. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. कोरियाच्या केआरआयसीटी संस्थेचा आणि अमेरिकेतल्या एमआयटीचा. पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या पदार्थाच्या सौरघटाची प्रमाणित कार्यक्षमता २५.२ टक्के. त्यातला महत्त्वाचा थर टिन ऑक्साइडचा, आणि तो चढवला केमिकल बाथनं. लेखकांमधले मौंगी बावेंडी यांना २०२३ मध्ये क्वांटम डॉट्ससाठी रसायनाचं नोबेल मिळालं. दुकानात ‘क्यूएलईडी’ म्हणून जो टीव्ही खपतो, त्याच्या रंगांमागे हेच डॉट्स असतात.

कोरियाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास थोडक्यात उरकतो. गोल्डस्टार, म्हणजे आजची एलजी, १९५८ ची. देशातला पहिला रेडिओ तिनं १९५९ मध्ये काढला. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स १९६९ ची, तिची सुरुवात जपानच्या सान्योकडे माणसं शिकायला पाठवून झाली. केआयएसटी १९६६ मध्ये अमेरिकेच्या मदतीनं उभी राहिली. १९८३ मध्ये सॅमसंगनं ६४ के मेमरी चिप बनवली, तीही अमेरिकेच्या मायक्रॉनकडून तंत्रज्ञान घेऊन. थोडक्यात, उमेदवारी करण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही.

शिरोळ तालुक्यातल्या एका मुलीची हकिकत मला फार आवडते. कोल्हापुरात एम.एस्सी. करून ती कोरियात पीएच.डी.ला गेली, आणि तिच्या मार्गदर्शकांच्या प्रकल्पातून काही महिने एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत उमेदवारीला. फाटकावर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवायचा. मग हवेच्या झोतातून जायचं, फक्त डोळे उघडे राहतील असा पांढरा पोशाख घालायचा. इथं तिनं ७५ बाय २५ मिलिमीटरच्या पट्टीवर थर चढवले होते. तिथं टीव्हीच्या पडद्यांची काच २२०० बाय २५०० मिलिमीटरची. एका कोपऱ्यात थर जाड आणि दुसऱ्यात पातळ झाला तर सगळी काच भंगारात. ‘‘आपल्याकडं रंग बघून पट्टी काढायची सवय,’’ ती सांगत होती. ‘‘तिथं जाडी मोजायला यंत्र. डोळ्याला काही किंमतच नाही. पण काका, बाथ बिघडला की तो का बिघडला, हे त्या सगळ्यांत पहिल्यांदा मला कळायचं.’’

हे सगळं फुकटात मिळालेलं नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला हात दिला तेव्हापासून या शहरात खेड्यातल्या पोराला राहायला जागा मिळते. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’तून फी निघते. वसतिगृह, खाणावळ आणि सायकल यांच्या जोरावर डॉक्टर झालेली माणसं इथं ढिगानं आहेत.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती मी दरवर्षी या विषयावर बोलताना करतो. निबंध भरपूर निघतात. जुन्याच थरात चिमूटभर नवा धातू मिसळला की नवा निबंध. पण विद्यापीठापासून उद्यमनगर किती लांब आहे? गोकुळ शिरगाव, हुपरी किती लांब आहे? हुपरीत चांदीच्या मुलाम्याचे बाथ रोज चालतात. तिथल्या कारागिराचा आणि सीबीडी शिकलेल्या पोराचा प्रश्न एकच: द्रावण कधी बिघडतं आणि थर कशानं सुटतो. त्या दोघांची गाठ कुणी घालून दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पुण्याच्या पुढं रांजणगावला एलजीचा कारखाना २००४ पासून आहे, पण तिथं फ्रीज-वॉशिंग मशीनची जुळणी होते, थर चढवले जात नाहीत. ज्याच्या हातात ही कला आहे, त्याला मग ग्वांगजूच बरं.

पालक मला विचारतात. पैशांचं सांगून होतं, कोरिया सरकारची शिष्यवृत्ती आहे, त्यात पहिलं वर्ष भाषेचं. थंडीचं सांगून होतं. शेवटचा प्रश्न आयांचा असतो: ‘‘पोरगं खाणार काय तिकडं?’’ मी सांगतो, मिरची. पोर्तुगीजांच्या व्यापारानं ती सोळाव्या शतकात आपल्याकडं आली आणि त्याच शतकाच्या शेवटी कोरियातही पोचली. त्यांचं तिखट रंगानं ब्याडगीसारखं लाल, पण जिभेला सौम्य. किमची आपल्या पोरांना पहिल्या आठवड्यात आंबट वाटते, महिन्यानं सपक. मग घरची कांदा-लसूण चटणी बॅगेतून जाते, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून, तरी कपड्यांना वास लागतोच. परत येताना पोरं आईवडिलांसाठी लाल जिनसेंगचे डबे आणतात. महाग असतात, शोकेसमध्ये ठेवतात, आणि घरात कुणी पीत नाही.