शाळेला देणगी देताय? आधी शाळेला विचारा, मग खिशात हात घाला

गावची यात्रा आली, कुस्त्यांचा हगामा संपत आला की माईकवरून एक पुकारा हमखास होतो, "आपल्या शाळेसाठी अमुक-अमुक यांच्याकडून अकरा हजार!" टाळ्या पडतात, फेटा बांधला जातो, फोटो ग्रुपवर येतो. पुढं त्या पैशाचं काय झालं, हे मात्र फार कमी लोक विचारतात.

आमच्या गावातलंच सांगतो. 2015 साली राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी डिजिटल शाळेची लाट आली. आम्हीही वर्गणी केली. पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत मी स्वतः होतो. भिंतीवर मोठा टीव्ही लागला, पुढाऱ्यांच्या हस्ते फीत कापली. दोन वर्षांत वीजबिल थकलं, मीटर गेला आणि टीव्हीवर चादर पडली. पुढच्या पालक बैठकीत एक आई उभी राहिली. म्हणाली, "टीव्ही दिला ते चांगलंच केलं. पण संडासात पाणी नाही म्हणून मोठ्या पोरी दुपारच्या सुट्टीत घरी येतात, त्या परत शाळेत जात नाहीत. त्याचं कुणी बघणार का?" सगळे खाली बघायला लागले. मीही. नंतर टाकी, पाईप आणि छोटी मोटर बसवली. त्याला टीव्हीच्या निम्मेही पैसे लागले नाहीत.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. देणगी मोठी की छोटी, हा नंतरचा प्रश्न. शाळेला काय पाहिजे, हे आधी शाळेला विचारलं पाहिजे.

दानाच्या शाळा आपल्याला नव्या नाहीत

सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते आपल्याच नगर शहरात, मिस सिंथिया फॅरार यांच्या संस्थेत. फॅरारबाई अमेरिकन मराठी मिशनच्या. म्हणजे ती शाळा सातासमुद्रापलीकडच्या लोकांच्या देणग्यांवर चालत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. पोरांना त्या वेळी भाकरीची गरज होती आणि त्यांनी भाकरीच दिली. आज कर्जत, श्रीरामपूर, कोपरगावची रयतची कॉलेजं आपली मुलं शिकवत आहेत.

नगरमध्येच 1989 मध्ये डॉ. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'स्नेहालय' सुरू केलं. लालबत्ती भागातल्या बायकांच्या मुलांना रात्री थांबायला सुरक्षित जागा नव्हती. काम तिथून सुरू झालं, शाळा त्यानंतर आली.

सरकार काय देतं, काय कमी पडतं

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि दुपारचा आहार सरकारकडून मिळतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान येतं, ते पटावर ठरतं. पट 30 पर्यंत असेल तर 10 हजार, त्यापुढं 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार आणि 1,000 पर्यंत 75 हजार रुपये.

आता वस्तीवरची 28 पोरांची शाळा धरा. दहा हजारांत खडू, झाडू, फिनेल, दुरुस्ती, वीजबिल असं सगळं वर्षभर भागवायचं. त्यातलाही किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. अशा ठिकाणी कुणी महिन्याचं वीजबिल भरायचं पत्करलं, तरी मास्तरांना हायसं वाटतं. पण वीजबिलाच्या देणगीला फीत कापता येत नाही, म्हणून ते कुणी देत नाही.

पैसा कुणाच्या हातात द्यायचा?

शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. सरकारी अनुदान असो की आणखी कुठून आलेला पैसा, त्याच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे कायद्यानं तिचंच काम आहे. म्हणून देणगी कुणा एका पुढाऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या हातात देऊ नका. समितीचा ठराव घ्या, पैसे समितीच्या खात्यावर टाका, पावती मागा. वस्तू दिली असेल तर ती डेड स्टॉक रजिस्टरला चढली का, ते डोळ्यानं बघा. नोंद नसलेली वस्तू कधी कुणाच्या घरी गेली, ते कळतसुद्धा नाही.

आणखी एक. वर्गणी ही खुशीची असते. देणगी दिल्याशिवाय प्रवेश नाही, असं कोणतीही शाळा म्हणू शकत नाही. कायद्याच्या कलम 13 नं त्याला बंदी आहे. ज्याच्या घरी आजच्या रोजावर उद्याची चूल पेटते, त्याचं नाव 'वर्गणी बाकी' म्हणून फळ्यावर लिहू नये.

कंपनीचा पैसा कसा येतो?

सुपा आणि नागापूर एमआयडीसी आपल्याच जिल्ह्यात आहेत. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना (उदाहरणार्थ, वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी किंवा जास्त) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात, आणि शिक्षण त्यात बसतं. नुसतं "साहेब, शाळेकडं बघा" म्हणून काम होत नाही. समितीचा ठराव, शाळेचा यू-डायस नंबर, पट, फोटो, कामाचं अंदाजपत्रक असा कागद घेऊन जा.

नोकरीला पुण्या-मुंबईला असलेले गावकरी 80 जी च्या करसवलतीबद्दल विचारतात. ही सवलत जुन्या करपद्धतीत मिळते आणि त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेची पावती लागते. शाळेची साधी पावती चालत नाही. 2 हजारांच्या वर रोख दिलं तर त्यावर सवलत मिळत नाही.

कोयत्याबरोबर जाणारी पोरं

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागात दिवाळीच्या आसपास ट्रक भरतात आणि आई-बापाबरोबर पोरंही ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा वर्ष संपलेलं असतं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावात आजी-आजोबांकडं राहतं आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. पण म्हाताऱ्या आजीला संध्याकाळी पोराचा अभ्यास घेता येत नाही. थंडीत पांघरूण कमी पडतं. आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला माणूस लागतो. इथं गावानं दोन तास अभ्यास घेणारी शिकलेली सून उभी केली, चार ब्लँकेटं दिली, तर एक पोरगं फडात जायचं वाचतं. देणगी म्हणजे दर वेळी पैसाच, असं नाही.

देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

1. ही वस्तू शाळेनं मागितली आहे, की आपल्याला द्यावीशी वाटली?
2. शाळेच्या विकास आराखड्यात ती आहे का?
3. सरकारकडून हीच वस्तू येणार तर नाही ना?
4. तिचं बिल, दुरुस्ती, बॅटरी पुढं कोण बघणार?
5. मुलींना आणि सगळ्यात गरीब घरातल्या पोराला तिचा उपयोग होईल का?

येत्या ग्रामसभेत शाळेचा आराखडा वाचून दाखवायला सांगा. वर्षभरात आलेल्या देणग्यांचा हिशोब फळ्यावर लावायला सांगा. आमच्या शाळेत आता तो लागतो. टीव्हीवरची चादरही निघाली आहे. गावातली दोन पोरं पुण्यात कंपनीत आहेत, ती आळीपाळीनं वीजबिल भरतात. त्यांचं नाव कुठल्याही पाटीवर नाही. संडासाच्या टाकीत मात्र रोज पाणी असतं, आणि दुपारची घंटा झाली की पोरी घरी न जाता वर्गात येऊन बसतात.