साबण आणि विहिरीचें पाणी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यांत, किकवी हें गांव लागतें. हा सारा मुलूख काळ्या कातळाचा. अशा कातळांत खणलेल्या विहिरीवर शहरांतून आलेली गृहिणी धुणें धुवावयास बसली, म्हणजे पुष्कळदां असें होतें कीं, साबण कितीहि घासला तरी फेस धरीत नाहीं आणि बादलींत पांढुरका साका तेवढा तरंगतो. दोष साबणवाल्याच्या माथीं जातो. वस्तुतः साबण खोटा नसतो. पाण्यांत पडतांच त्याचा दुसराच क्षार झालेला असतो.

मुळांत साबण हाच एक क्षार आहे. तेलांत व चरबींत मेदाम्लें ग्लिसरीनशीं जोडलेलीं असतात, हें फ्रान्समधील मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञानें उकलून दाखविलें; त्याचा ग्रंथ १८२३ सालीं निघाला. खोबरेल तेल कॉस्टिक सोड्याबरोबर तापविलें कीं ग्लिसरीन सुटें होतें आणि मेदाम्ल सोडियमशीं संयोग पावतें. हाच वडीचा साबण. सोडियमच्या जागीं पोटॅशियम आलें, तर साबण मऊ होतो. साबणाच्या अणुसमूहाची लांब शेपटी तेलकट मळांत रुतते, डोकें पाण्याकडे राहतें, आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो.

कातळांतून झिरपलेल्या पाण्यांत मात्र कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. मेदाम्ल सोडियमला सोडून त्यांना बिलगतें. हे नवे क्षार पाण्यांत विरघळत नाहींत. साका तो हाच. हीं दोन्ही द्रव्यें अशीं संपेपर्यंत फेस नाहीं, म्हणूनच शाळेच्या पुस्तकांनीं अशा पाण्यास 'दुष्फेन' म्हटलें. नांव मोठें समर्पक आहे. हिशेबहि पाहण्यासारखा आहे. लिटरमागें ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतका जडपणा धरला, तर २० लिटरांच्या बादलींत सुमारें ३६ ग्रॅम साबण एकहि सदरा धुण्यापूर्वीं खर्चीं पडतो! पिण्यास असें पाणी सहसा बाधत नाहीं. दुसरें पाणी नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा भारतीय मानकानें चालवून घेतला आहे. डाळ मात्र त्यांत लवकर शिजत नाहीं.

साका म्हणून ओतून दिलेले हे क्षार निरुपयोगी आहेत असें मात्र नव्हे. मॅग्नेशियमचा क्षार औषधाच्या गोळ्यांत किंचित् घालतात, म्हणजे भुकटी यंत्रास चिकटत नाहीं. लिथियमचा क्षार गाडीच्या चाकांतील ग्रीस घट्ट करतो.

घरापुरता उपाय स्वस्त आहे. पाणी उकळल्यानें जडपणाचा कांहीं भाग खालीं बसतो. बंबाच्या आंत जमणारी पांढरी खपली ती हीच. उरलेल्यासाठीं बादलींत आधीं थोडा धुण्याचा सोडा विरघळूं द्यावा व मागाहून साबण लावावा, म्हणजे कॅल्शियमची भरपाई साबणाऐवजीं सोडा करतो. लोकरी व रेशमी वस्त्रांना मात्र सोडा लावूं नये. अलीकडच्या बहुतेक धुण्याच्या पावडरी मेदाम्लाच्या नसल्यामुळें त्यांना ही बाधा कमी. आणि श्रावणांत तर सोडाहि नको. पागोळीखालीं घंगाळ ठेवलें कीं त्या पाण्यांत तोच साबण पहिल्याच हातास फेसाळतो.