व्हॉरम पर्सी : एका बेचिराग गावाची कहाणी

महाराष्ट्राच्या महसुली दप्तरांत ‘बेचिराग’ हा शब्द आढळतो. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायलाही कोणी उरले नाही ते बेचिराग गाव. त्याचे नाव कागदावर असते, शिवार असते, एखादे पडके देऊळही असते, माणूस मात्र नसतो. दुष्काळ, रोगराई आणि लुटालूट यांनी आपल्या पूर्वजांच्या देशात अशी गावे झाली हे आपण ऐकून असतो. परंतु इंग्लंडसारख्या देशातही मध्ययुगात उठून गेलेली अशी सुमारे ३,००० गावे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? त्यांतील सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले गाव म्हणजे उत्तरेस यॉर्कशायरमधील व्हॉरम पर्सी.

वोल्ड्स नावाच्या खडूच्या टेकड्यांमधील एका दरीत हे ठिकाण आहे. तेथे जाऊन पाहिले तर छप्पर नसलेले एक चर्च, एक तळे आणि गवताने झाकलेले उंचवटे, एवढेच दिसेल. भर दुपारी पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण सूर्य कलला आणि सावल्या लांबल्या की त्याच कुरणावर घरांच्या दोन ओळी उमटतात. प्रत्येक घरामागे त्याचा परस, परसाभोवती बांध, मधून खोलगट झालेली गावची वाट! पांढरी आणि काळी असे आपण म्हणतो. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. इंग्लंडच्या गवताखाली ही दोन्ही जशीच्या तशी वाचता येतात.

काळीची खूण तर फारच मौजेची आहे. इंग्लंडच्या मध्यभागातील कित्येक कुरणांवर लांबच लांब सरी-वरंबे दिसतात, जणू कोणी जमिनीला मोठ्या दातांची फणी फिरवली आहे. हे वरंबे मुद्दाम रचलेले नव्हेत. त्या काळच्या जड नांगराची फळी माती नेहमी उजवीकडेच उलटवी. शेतकरी आपल्या पट्टीच्या मध्यापासून सुरुवात करून उजवीकडे वळत वळत नांगरीत जाई, त्यामुळे दरवर्षी थोडी थोडी माती मध्याकडे सरके. शे-दोनशे वर्षांत पट्टीची पाठ उंच झाली आणि दोन पट्ट्यांमध्ये सरी पडली. बरे, हे वरंबे सरळही नाहीत, टोकांशी किंचित वळलेले आहेत. नांगराला बैलांच्या चार-चार जोड्या असत. एवढी लांब रांग बांधापाशी पोचल्यावर एकदम वळवता येत नाही, म्हणून नांगऱ्या आधीपासूनच बैल थोडे डावीकडे घेई. त्या बैलांचे वळण आजही जमिनीवर आहे.

आपण शाळेत पाठ केलेले ‘फर्लांग’ हे मापही मुळात नांगराच्या एका तासाची लांबी होय, २२० यार्डांची. असे २२ यार्ड रुंदीचे शेत म्हणजे एक एकर. क्रिकेटची खेळपट्टी आजही २२ यार्डांचीच असते. (आपल्या बेटावर फ्रेंचांचे अर्पां रुळले, म्हणून हा हिशेब आपल्या मुलांना परका वाटतो.)

हे सारे लोकांच्या डोळ्यांसमोर असूनही कित्येक वर्षे विद्वानांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. ओस पडलेली गावे इंग्लंडमध्ये अगदी क्वचित, असे काही नामवंत इतिहासकार म्हणत. त्यांना खोटे ठरविले ते मॉरिस बेरेसफर्ड या अर्थशास्त्रीय इतिहासाच्या अध्यापकाने. जुने नकाशे आणि करांच्या याद्या हाती घेऊन तो शिवारे पायांखाली घाली. १९४८ साली तो व्हॉरम पर्सीला आला आणि १९५० पासून तेथे खणू लागला. उत्खननाचे शिक्षण त्याला नव्हते. ती उणीव लवकरच त्याला येऊन मिळालेल्या जॉन हर्स्ट या पुरातत्त्वज्ञाने भरून काढली. अरुंद चर खणून भिंती शोधण्याची रीत सोडून त्यांनी मोठा भाग एकदम उघडा करून, थरामागून थर हलक्या हाताने काढला. दर उन्हाळ्यात स्वयंसेवक जमत आणि असे हे काम १९९० पर्यंत, म्हणजे ४० वर्षे चालले.

एका शेतकऱ्याच्या घराखाली बाराव्या शतकातील जमीनदाराच्या वाड्याचे दगडी तळघर निघाले. त्याहूनही खाली रोमन काळातील आणि त्याच्याही आधीच्या लोहयुगातील शेतीवस्तीच्या खुणा होत्या. चर्चच्या पायांवरून तर गावाचा चढउतारच मोजता आला. आधी लहानशी लाकडी वास्तू, मग दगडी चर्च, वस्ती वाढली तशी दोन्ही बाजूंस वाढविलेली दालने, आणि वस्ती घटल्यावर पाडून टाकलेली तीच दालने.

चर्चच्या आवारातून जवळजवळ ७०० सांगाडे मिळाले. ज्यांच्याविषयी कोणी एक ओळ लिहिली नाही, अशा साध्या कुणब्यांचे हे सांगाडे. दहा वर्षांचे मूल आजच्या मुलापेक्षा सुमारे २० सेंटीमीटरने ठेंगणे होते. हाडांतील नायट्रोजनाच्या तपासणीवरून असे दिसले की आया मुलांना सुमारे दीड वर्षापर्यंत अंगावर पाजीत. एका माणसाच्या कवटीवर जबर मार बसलेला होता. वैद्याने हाड काढून उपचार केला आणि तो जगलाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही तोडलेल्या व जाळलेल्या हाडांविषयी असे अनुमान निघाले की मेलेले उठून फिरू नयेत म्हणून गावकऱ्यांनी हे केले असावे. वृत्तपत्रांनी ही भुताटकी मोठ्या आवडीने छापली. मला विचाराल तर दीड वर्ष दूध पाजणाऱ्या आयांची गोष्ट अधिक मोलाची आहे.

मग हे गाव बेचिराग झाले कसे? कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले : १३४८-४९ ची महामारी. त्या रोगाने इंग्लंडमधील निदान तिसरा हिस्सा माणसे नेली हे खरे, परंतु व्हॉरम पर्सी त्याने मेले नाही. महामारीनंतर जवळजवळ २० वर्षांनी, १३६८ साली, येथे सुमारे ३० घरे नांदती होती. १४५८ मध्ये १६ उरली. माणसे कमी झाल्याने मजुरी वाढली होती, धान्याला भाव नव्हता, लोकरीला मात्र होता. शंभर माणसांच्या शेतीच्या जागी एक धनगर आणि त्याचा कुत्रा पुरे! १५०० च्या सुमारास हिल्टन नावाच्या जमीनदाराने उरलेली शेवटची चार कुटुंबे उठविली आणि साऱ्या शिवारात मेंढ्या सोडल्या. गावावर दिवा विझविला तो रोगाने नव्हे, माणसानेच, आणि तोही नफ्याचा हिशेब करून. हे महामारीवर ढकलणे सर्वांनाच सोयीचे होते.

यातली विलक्षण गोष्ट अशी की ज्या मेंढ्यांनी गाव मोडले, त्यांच्यासाठी राखलेल्या गवतानेच त्याच्या खुणा जपल्या. आसपासच्या टेकड्यांवर पुढे नांगर फिरला आणि तेथील वरंबे मिटले. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीने तर इंग्लंडमधील फार मोठा ठेवा पाहता पाहता नाहीसा झाला.

हे वाचताना आपल्याच उसाच्या मळ्यांकडे लक्ष जाते. जुन्या साखर कारखान्यांची दगडी धुरांडी तेथे एकटीच उभी आहेत. त्यांच्या जवळच्या ज्या कॅम्पांत आपले आजे-पणजे राहिले, त्यांतले कित्येक उसाखाली गेले. त्यांनी हातांनी उचलून रचलेल्या दगडांच्या राशीही यंत्रांनी पुष्कळ ठिकाणी हटविल्या. आमच्याकडे मेंढ्यांचे कुरण नाही. म्हणून कॅम्प कोठे होता, विहीर कोठे होती, हे ज्या वृद्धांना ठाऊक आहे त्यांना घेऊन शाळेतील मुलांनी एखादा रविवार मळ्यात फिरावे आणि वहीत साधा नकाशा काढावा, असे मला वाटते. बेरेसफर्डच्या हातीही सुरुवातीला नकाशा आणि पायांतले बूट यांपेक्षा फारसे काही नव्हते.

व्हॉरम पर्सीचे चर्च गाव गेल्यावरही शेजारच्या वस्त्यांसाठी चालू राहिले. तेथील शेवटची प्रार्थना १९४९ साली झाली आणि १९५९ मध्ये त्याच्या मनोऱ्याचा काही भाग कोसळला. हर्स्ट २००३ साली वारला, बेरेसफर्ड २००५ साली. उत्खननाच्या अहवालाचे काम मात्र त्यानंतरही चालूच होते. या कामात एक जुने मतही बदलावे लागले : कुणब्यांची घरे कच्ची, पिढीगणिक नव्याने बांधावी लागणारी, असे प्रथम मानले होते, पण पुराव्याची फेरतपासणी होता ती बाकदार लाकडी खांबांवर उभारलेली चांगली भक्कम घरे असावीत असे ठरले. अहवालाचा तेरावा आणि अखेरचा खंड २०१२ साली निघाला.