हृदयाची कृत्रिम झडप: यांत्रिक की जैविक?

बंगळुरूच्या जयदेव हृदयविज्ञान संस्थेसारख्या सरकारी रुग्णालयात असो वा खासगी, पन्नाशीच्या रुग्णाची हृदयझडप बदलायची ठरली की ती यांत्रिक असावी की जैविक, हा प्रश्न उभा राहतो.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली आणि १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली चित्रा झडप यांत्रिक असून, तिच्या मिश्रधातूच्या चौकटीतली पॉलिएथिलीनची चकती दर ठोक्याला कलून उघडते व मिटते. अशी झडप दशकानुदशके झिजत नाही. मात्र तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिनसारखी गोळी आजन्म घ्यावी लागते आणि रक्त गोठण्याचा वेग दाखवणारी 'आयएनआर' ही तपासणी नियमित करावी लागते. पालक-मेथीतले 'के' जीवनसत्त्व या गोळीचा परिणाम घटवत असल्याने पालेभाजीचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते.

गाईच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवलेल्या जैविक झडपेला ही गोळी सहसा कायमची लागत नाही, पण तिच्यात कॅल्शियम साचून ती बहुधा दहा-पंधरा वर्षांत निकामी होते, आणि वय जितके कमी तितकी लवकर. म्हणूनच अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे महाधमनीच्या झडपेबाबत पन्नाशीच्या आत यांत्रिक, पासष्टीनंतर जैविक झडपेकडे झुकतात आणि मधला निर्णय रुग्णाशी चर्चेवर सोपवतात.

ही चर्चा भारतात अधिक प्रामाणिकपणे व्हायला हवी, कारण तपासणीची सोय गावापासून लांब असेल तर यांत्रिक झडपच धोक्याची ठरते. याउलट, संधिवाती तापाने झडप बिघडलेल्या अनेकांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे वॉरफॅरिन आधीच घ्यावी लागते; त्यांच्या बाबतीत जैविक झडपेचा मुख्य फायदाच उरत नाही.